साजूक तुपातली वर्ती

कर्जत,
१४ नोव्हेंबर २०२४, सकाळ

चि. तनया हिस अनेक आशीर्वाद.

फोन न करता वाल्मिकच्या दुधाच्या टेंपोतून चिठ्ठी पाठवतोय, कारण तुझी पद्मजाकाकू चार हातांवर पडून सगळं ऐकते. घशाच्या ऑपरेशननंतर तिला पाण्याचा घोटही गिळवत नाही. बोलणं बंद, पाटीवर लिहिते. म्हणून दुखण्यावर डॉक्टरांनी गुदवर्ती दिल्या आहेत, तुमच्या भाषेत सपोझिटरी.

तीन दिल्या, गुण शून्य. अर्ध्या-पाऊण तासात उतार पडायला हवा, ती दोन-दोन तास उशी मुठीत आवळून असते. मी येरझाऱ्या घालतो, ती पाटीवर लिहिते, 'बसा.' संध्याकाळपर्यंत आराम नाही तर पुन्हा दवाखान्यात भरती, आणि त्या नावानेच तिचे डोळे भरतात.

औषध बनावट तर नाही? तू कुंभिवलीच्या औषधांच्या कारखान्यात हेच तपासतेस. माझी कसूर नाही. मुठीत धरूनही वितळेना इतकी टणक वर्ती, म्हणून आधी स्नेहन हा शास्त्रनियम पाळून प्रत्येक वेळी साजूक तुपात बुडवली.

तुझा बेचैन
गोपाळकाका

कुंभिवली,
१४ नोव्हेंबर, दुपार

ती. गोपाळकाकांना शि. सा. नमस्कार.

वाल्मिकदादा फाटकाशी हॉर्न वाजवतायत, म्हणून थोडक्यात. औषधावर आळ घेण्याआधी तुपाची झडती घ्या!

औषध ज्यात मिसळतात तो बेस. कोकोच्या लोण्याचा असेल तर अंगाच्या उबेने वितळतो. तुमचा मुठीत वितळला नाही, म्हणजे बहुधा पाण्यात विरघळणारा. पाकिटावर 'मॅक्रोगोल' आहे का बघा. आत ओलावा जेमतेम चमचाभर, त्याचीही वाट तुम्ही तुपाने अडवलीत. बेस विरघळला नाही तर औषध सुटणार कसं, रक्तात जाणार कसं?

पुढची नुसत्या पाण्यात बुडवून द्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तीन आधीच दिल्यात. आणि तुपाचं त्यांना सांगा. लाजू नका.

काकूला जपा, माझ्यावरचा राग तेवढा आवरा.

तनया

कर्जत,
१५ नोव्हेंबर

चि. तनया हिस आशीर्वाद.

मॅक्रोगोलच निघाला. डॉक्टरांना पद्मजेच्या देखतच फोन करून तुपाची कबुली दिली. सभ्य गृहस्थ, फोन लांब धरून हसले. मग चारची वेळ दिली.

काल चारला पाण्यात बुडवून वर्ती दिली. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं, तरी तीनदा उचललं. पाऊण तासाने बघतो तर उशी मुठीतून सुटलेली. भरतीचा विषय मिटला. आज सकाळी तिने पेजेचे तीन चमचे गिळले.

मग पाटी मागितली. मला वाटलं, आता दोन गोड शब्द येतील. लिहिलं, 'उरलेलं तूप पेजेत घाला.'

माया असू दे, नुसत्या पाण्यातलीही चालेल.

तुझा
गोपाळकाका