मासळीविरुद्ध स्लॅब

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी

नानांच्या खोलीतला स्लॅब पडला. सगळा नाही, सुपाएवढा तुकडा. नेमका त्यांच्या उशीवर. नाना तेव्हा मोरीत दात घासत होते म्हणून आज मला वडील आहेत. वर दोन सळ्या उघड्या पडल्यात, तांबड्या, पापुद्रे सुटलेल्या. नाना म्हणाले, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच लवकर उठलो, बरं झालं. मला हसू आलं नाही.

कारण पाच मिनिटांत सापडलं. हौसाकाकू. राहते दुसऱ्या मजल्यावर, मासळी वाळवते आमच्या डोक्यावर, गच्चीत. मासळीत मीठ. मिठाने लोखंड गंजतं. हे मला शाळेने शिकवलेलं नाही. तिसरीपर्यंत मी नानांकडे घरीच शिकले. एका ग्लासात साधं पाणी, एकात मिठाचं, दोन्हीत खिळे. सातव्या वर्षी मला जे कळलं ते या बिल्डिंगला अजून कळत नाही.

तिची मासळी आमच्या कोपऱ्यापासून लांब, टाकीपलीकडे असते. पण पाणी वाहतं.

शनिवार असल्यामुळे वर जाऊन शेवाळावर खडेमीठ टाकून आले. कठड्यातल्या पिंपळाच्या रोपाला मूठभर जास्त. हेदवीच्या आत्याचा उपाय. ती अंगणात करते, मी गच्चीवर करते. सोसायटीच्या सचिवाचं हे काम नव्हे, पण दुसरं कोण करणार?

निश्चय: नाताळच्या आत मासळी गच्चीवरून खाली.

१० नोव्हेंबर

हौसाकाकूला शांतपणे समज दिली. म्हणजे सुरुवात शांतपणे केली. ती म्हणाली, अगो बाय, तुझ्या बापाच्या उशीवर काय माझा बांगडा पडला? मी म्हटलं, प्रश्न वासाचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, तत्त्व गेल्या आठवड्यात सोडे घेऊन गेलं तेव्हा बरं नाय बोललं काय ते. जिन्यात उभे असलेले लोक हसले.

सोड्यांचा इथे संबंध नव्हता. मी सोडे खाते, वाळवत नाही.

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, गच्ची गेली तर मी वाळवू कुठं? नवरा गेल्यापासून याच्यावर चूल चालतेय माझी. मला वाईट वाटलं. रात्री जेवताना अजून वाटत होतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि स्लॅब वेगळा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गच्चीवर मीठ टाकलं.

मग स्लॅब मीच दुरुस्त केला. स्टुलावर चढून पांढरं सिमेंट लिंपलं, वर चुना. सळी दिसत नाही. जे दिसत नाही ते वाढत नाही. आपले चेअरमन गुरुप्रसादकाका उगाच इंजिनिअर इंजिनिअर करतात. नानांनी वर बघितलं आणि पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवला. वयामुळे माणूस भित्रा होतो.

१८ नोव्हेंबर

लिंपलेलं पडलं. नानांच्या पेजेत. नाना म्हणाले, आज पेज घट्ट झाली. दुसरी पेज केली.

दमट हवेचा दोष.

२३ नोव्हेंबर, रविवार

गुरुप्रसादकाकांनी लांज्याहून इंजिनिअर आणला. महेंद्र. वयाने माझ्याएवढाच, पण बोलतो परीक्षकासारखा. छोट्या हातोडीने सगळा स्लॅब ठोकत गेला. चांगला असेल तिथे टणटण, पोकळ असेल तिथे बदबद. नानांच्या खोलीत एकही टण नाही.

म्हणाला, सळी गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलून देते. वरून लिंपून उपयोग नाही. पोकळ भाग फोडायचा, सळी घासून लख्ख करायची, तिला गंजरोधक लेप द्यायचा, मग भरायचं. पण काँक्रीटच्या आत मीठ शिरलं असेल तर भरलेलं पुन्हा सुटणार, म्हणून आधी मीठ कुठून येतं ते शोधायला हवं. मी नानांकडे विजयाने बघितलं. नाना खिडकीबाहेर बघत होते.

महेंद्रने विचारलं, गच्चीवर कोणी मिठाचं काही करतं का? मी म्हटलं, एक व्यक्ती करते, नाव घेणं माझ्या स्वभावात नाही.

जाताना खोलीच्या मधोमध स्लॅबला लोखंडी टेकू लावून गेला. संध्याकाळी नानांनी त्याला बनियन अडकवलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सभा. ठराव माझा, मसुदा माझा. ज्या व्यक्तीच्या मिठामुळे स्लॅब खराब झाल्याचं तपासणीत दिसेल त्या व्यक्तीस गच्चीवर कायमची बंदी. कोणतीही सबब ऐकू नये. दया दाखवू नये.

गुरुप्रसादकाका म्हणाले, एवढं कडक कशाला, आणि हौसाबाईंचंच नाव घालायचं तर घाल ना सरळ. मी म्हटलं, पुराव्याआधी नाव घालणं अन्याय आहे. माझ्या आवाजात तेव्हा काहीतरी होतं. ठराव एकमताने मंजूर. हौसाकाकूनेही हात वर केला. म्हणाली, हात माझा रिकामाच हाय, वर करायला काय जातंय.

रात्रभर झोप नाही. दया दाखवू नये हे जरा जास्त झालं का? पण मग खोडायला नको होतं असं वाटलं असतं, म्हणून नाही खोडलं.

६ डिसेंबर, शनिवार

महेंद्र नमुने घेणार होता, म्हणून मीठ पहाटेच टाकून आले. त्याच्या कामात माझी लुडबुड नको.

ड्रिलने स्लॅबला भोकं पाडून आतली भुकटी पिशव्यांत भरली. मासळीखालून दोन पिशव्या, टाकीजवळून एक. मी सुचवलं, आमच्या कोपऱ्यातूनही घ्या. तुलनेला एक निर्दोष जागा हवी. त्याने कोपरा बघितला. माझ्याकडे बघितलं. वरचं पांढरं ब्रशने झाडलं आणि दोन फोटो काढले. टापटीप कोणाच्याही नजरेत भरते.

हौसाकाकू बोंबील उलटवत होती. विचारलं, बाय, मासली कवा हलवू? मी म्हटलं, निकाल आल्यावर. ती म्हणाली, तवर उन्हाला सांगते थांब म्हणून.

तिच्याशी यापुढे फक्त लेखी बोलायचं ठरवलं.

१३ डिसेंबर, शनिवार

शेवाळ पूर्ण काळं पडून सुकलं. मिठाचा गुण. नाना म्हणाले, पाऊस थांबला की दरवर्षी सुकतं ते. नाना शिक्षक होते खरे, पण वनस्पती त्यांचा विषय नव्हता.

रात्री त्यांनी विचारलं, खिळ्यांचा प्रयोग आठवतो का गं तुला? म्हटलं, आठवतो, म्हणून तर लढतेय. त्यांनी अजून काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मग भिंतीकडे वळून झोपले.

हौसाकाकूसाठी लेखी नोटीस तयार ठेवली. तारीख फक्त घालायची आहे.

२१ डिसेंबर, रविवार

सभा. महेंद्रने निकाल वाचला. मासळीखाली मीठ थोडं. टाकीजवळ नावाला. आमच्या कोपऱ्यात इतकं की लॅबने फोन करून विचारलं, ही भुकटी खाडीतली आहे का?

मी म्हटलं, मासळीचं पाणी वाहत येतं. महेंद्र म्हणाला, उतार उलटा आहे, पाणी तुमच्याकडून तिच्याकडे जातं. मी म्हटलं, मग वाऱ्याने येत असेल. तो म्हणाला, खडे वाऱ्याने येत नाहीत, आणि फोनवरचा फोटो सगळ्यांना फिरवला. पिंपळाच्या बुंध्याशी माझं मीठ. दोन्ही फोटो त्या मिठाचेच होते.

सगळ्यात वाईट पुढे. मी विचारलं, मी दर शनिवारी मीठ टाकते हे कोणालाच माहीत नव्हतं का? सगळ्यांना माहीत होतं. हौसाकाकू म्हणाली, आमाला वाटलं पोरीचं लगीन जमत नाय, म्हणून शनिवारचा उतारा करतेय. असल्या गोष्टी विचारू नयेत कोणाला. गुरुप्रसादकाकांनीही मान हलवली. म्हणाले, आमच्या घरात ही तर म्हणायची, बिचारी श्रद्धेने करते, बघायचं नाही तिकडे.

इतकी वर्षं अख्खी बिल्डिंग दर शनिवारी माझ्याकडे न बघण्याचं काम करत होती.

मग ठराव वाचला गेला. मीच वाचला, सचिव मी आहे ना. दया दाखवू नये इथे गुरुप्रसादकाका म्हणाले, हवं तर हे गाळू या. मी म्हटलं, नियम तो नियम. माझ्या आवाजात या वेळी काहीच नव्हतं.

गच्चीची किल्ली हौसाकाकूकडे गेली. रोज वर जाणारी तीच एक.

२२ डिसेंबर

लॅबमध्ये पिशव्या बदलल्या असणार.

हेदवीच्या आत्याला फोन केला. म्हणाली, अगं मी अंगणात टाकते, मातीत. स्लॅबवर टाकायला तुला कोणी सांगितलं, आणि आता माझं नाव कुठे सांगू नकोस. रक्ताची माणसं.

४ जानेवारी, रविवार

काम सुरू झालं. मिठाने भरलेलं काँक्रीट कोपऱ्यातून फोडून काढलंय, खाली सळ्या घासतायत, धुळीने डोळा उघडत नाही. नाना सामान घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. हौसाकाकूने हॉलमध्ये कॉट दिली. आठवडाभरासाठी म्हणाले होते. आज जेवायला वर बोलावलं तर निरोप आला, सुकटीची चटणी केलेली आहे, ती सोडून येता येत नाही. पेजेबद्दल काही निरोप नव्हता.

महेंद्रला विचारलं, पुन्हा गंजणार नाही ना? तो म्हणाला, तुमच्यावर अवलंबून आहे. हे सगळ्या मजुरांसमोर बोलायची गरज नव्हती. सोमवारपासून त्याच्याशीही लेखी.

निश्चय: झालं गेलं विसरायचं, कपडे घरातच वाळवायचे, कोणाकडे काही मागायचं नाही.

११ जानेवारी, रविवार

घरात धूळ. कपडे दोन दिवस ओले, नानांच्या धोतराला कुबट वास. बादली घेऊन हौसाकाकूच्या दाराशी गेले. नाना तिच्या कॉटवर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर जरा वर धरला. मी म्हटलं, एवढे कपडे वर वाळत घालाल का? मला बंदी आहे.

काकूने बादलीकडे बघितलं. म्हणाली, ह्यात मीठबीठ काय नाय ना गो बाय? मी नाही म्हटलं.

तिने टॉवेलचं टोक पिळलं, थेंब बोटावर घेतला आणि चाखला. मगच किल्ली घेतली.