जाड कव्हरातली रेकॉर्ड

३ मार्च, सोमवार
दादाने आज रेकॉर्डप्रेमींच्या ग्रुपवर सहा रेकॉर्डी टाकल्या. सहा! नियम काय? दिवसाला एक. कव्हरचा फोटो, खाली एक ओळ – काय ऐकतोय, कसं वाटलं. बाकीचे निमूट पाळतात. हा महिनाभर सकाळपासून अधाशासारखा सुटलाय. वर सगळ्यांची वाहवा! ‘काय कान आहेत तुमचे!’ – इति ग्रुपमधले मास्तर. कान! उजवा लहानपणीच गेला त्याचा, एका कानावर चाललंय. पण मी कशाला बोलू? आठ वर्षं झाली, आम्ही बोलत नाही.

४ मार्च
मीही टाकली. व्हायोलिनची, जाड कव्हरची. दादाचा तिच्यावर भारी जीव, पण वाटणीत माझ्याकडे आली. त्याला झोंबावं म्हणून अधूनमधून टाकते. खाली लिहिलं – ‘पहिल्या बाजूचा शेवट! अंगावर काटा आला.’

इथे तरी खोटं कशाला? काटाबिटा काही नाही. प्लेअरचा पट्टा तुटून दोन वर्षं झाली, आणि ही तर आई गेल्यापासून लावलेलीच नाही. कव्हर काढायचं, फोटो काढायचा, परत कपाटात. कोणाला कळतंय!

६ मार्च
दादाचा मेसेज. ग्रुपवर नाही, मला एकटीला! वाटलं, आला ताळ्यावर. उघडला तर – ‘आईची रेकॉर्ड एकदा ऐकव. पुढच्या शुक्रवारच्या आत.’

डोक्यात तिडीकच गेली. आईने हौसेने स्टुडिओत जाऊन काढलेली रेकॉर्ड. दोन गाणी, जगात एकच प्रत. ती गेल्यावर वाटणी करायला बसलो, तर पांढरं पाकीट रिकामं! मी म्हणाले, तू लांबवलीस. तो म्हणाला, तू. वहिनी मध्ये पडली, तिलाही नाही नाही ते बोलले. आणि आता वर तोंड करून माझ्याकडेच मागतो? तारीख देऊन?

उत्तर ठोकलं – ‘ज्याने नेली त्याने लावून ऐकावी.’

त्याने वाचलं.

७ मार्च
चांगलं सुनावलं. तरी दिवसभर बरं वाटलं नाही.

१० मार्च, सोमवार
ग्रुपमध्ये एक सुईवाला आहे – सुया विकतो, प्लेअर दुरुस्त करतो. सगळ्यांदेखत विचारतो, ‘ताई, त्या व्हायोलिनच्या पहिल्या बाजूला शेवटी माझ्याकडे नुसती खरखर आहे. तुमच्याकडे कशी वाजते?’ मी टोलवलं – ‘ऐकून सांगते.’ तर म्हणे, ‘परवाच ऐकलीत ना?’ मेला! शेवटी त्याच्याकडूनच पट्टा मागवला, ‘दुसऱ्या प्लेअरसाठी’ म्हणून. कुठला दुसरा प्लेअर! थापेवर थाप.

१२ मार्च, बुधवार
पट्टा बसवला. कव्हर तिरपं केलं. हातात दोन रेकॉर्डी आल्या.

दुसरी आईची.

मग सगळं आठवलं. आई जाऊन आठवडा झाला होता. आईच्या घरी एकटीच ही ऐकत, रडत बसले होते. बेल वाजली. तसं तोंड कोणाला दाखवायचं नव्हतं. घाईघाईत हाताला लागलं त्या कव्हरात सरकवली. मीच! आणि तेच कव्हर आठ वर्षं दादाच्या नाकासमोर नाचवत होते. तीस वर्षं एक्स-रे काढले, लोकांच्या छातीत काय आहे ते बघितलं. हातातल्या कव्हरात बघितलं नाही.

ऐकली. दुसऱ्या गाण्याआधी आई खाकरते, आणि हळूच ‘गप रे’ म्हणते. ते दादाला. सात वर्षांचा होता, सोबत गेला होता.

लाज वाटते. फार लाज वाटते.

१३ मार्च
चारदा फोन हातात घेतला, चारदा ठेवला. कोणत्या तोंडाने सांगू? रविवारी जाईन. कपाटामागे पडली होती म्हणेन, म्हणजे चोर कोणीच नाही. उद्याचाच शुक्रवार कशाला गाठायचा? आठ वर्षं थांबला, दोन दिवस थांबला तर काय आभाळ कोसळणार आहे?

१४ मार्च
आज ग्रुपवर दादाचा एकही फोटो नाही.

१६ मार्च, रविवार
रेकॉर्ड घेऊन गेले, तर दाराला कुलूप. आधी घाई करायची, मग गावभर हिंडायचं! खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. जिना भराभर उतरले.

२३ मार्च, रविवार
दार वहिनीने उघडलं. ‘वन्सं, आत्ता आलात?’ दादा खुर्चीत, डोक्याला पट्टी. डाव्या कानामागची गाठ त्या शुक्रवारी काढली. ऐकू येणं जाणार, हे डॉक्टरांनी दीड महिना आधीच सांगितलं होतं.

मी पिशवी उघडली. रेकॉर्ड दाखवली. त्याने दोन्ही हातांत धरली, मग त्यानेच प्लेअरचं झाकण उघडून दिलं. मी सुई ठेवली. पहिलं गाणं झालं. आई खाकरली, ‘गप रे’ म्हणाली.

दादा माझ्याकडे बघत होता. मोठ्याने म्हणाला, ‘लाव ना. लावलीस का?’