पूर्वेकडचा समुद्र

१० जानेवारी, शुक्रवार. घाटकोपर.
हिंगोलीहून सुखरूप पोचलो. मुक्काम भाची दीप्तीकडे. तिचा नवरा मुकुल स्टेशनवर घ्यायला येतो म्हणत होता. नको म्हटलं. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला घ्यायला कशाला यायचं? पश्चिमेला बाहेर पडलो, घर पूर्वेला निघालं. पाऊण तास गेला. विमलाच्या डोक्यावर बॅग, कारण बॅगेचं चाक मी जिन्यात तोडलं. म्हणजे तुटलं.

प्रोग्राम फायनल. शनिवारी समुद्र, रविवारी आराम, सोमवारी कान्हेरी लेणी, रात्रीची गाडी. विमलाला हौस समुद्राची. नवीन लग्न झालं होतं तेव्हापासून विचारते, कसा असतो. मी ९१ साली अंधेरीला आठ दिवस ट्रेनिंगला होतो, तेव्हा पाहिला, असं तिला सांगितलेलं आहे. खरं म्हणजे पोट बिघडलं होतं, हॉस्टेलबाहेर पडलोच नाही. पण कुठल्या दिशेला आहे ते माहीत होतं. त्यामुळे अगदीच खोटं नाही.

११ जानेवारी, शनिवार. सकाळी ७.
मुकुल म्हणाला, मेट्रोने अंधेरी, तिथून रिक्षाने जुहू. जुहूला सगळेच जातात. मी ॲटलास उघडला (सोबत आणला आहे). घाटकोपरहून पाणी पूर्वेला जास्त जवळ आहे. स्पष्ट निळं दिसतं. मुकुल म्हणाला, मामा, ती खाडी आहे, तिकडे नुसता चिखल. मुलगा चांगला आहे, पण कॉम्प्युटरवाला. नकाशा वाचणं वेगळं स्किल आहे. माहुलची बस मिळते. जेवून निघतो.

शनिवार, दुपारी १. माहुल.
खाडी आहे.

शनिवार, दुपारी ३. बसस्टॉपवर.
सविस्तर लिहितो. उतरल्यावर तेलाच्या मोठमोठ्या टाक्या, रॉकेलसारखा वास. मग जुनं गाव, मग चिखल. चिखलात कलंडलेल्या होड्या. लांबवर पाण्याची एक करडी पट्टी आणि पलीकडे झाडं. समुद्राच्या पलीकडे झाडं दिसत नाहीत, एवढं मलाही कळतं.

विमला थांबली. हाच का, म्हणाली. नाही म्हणायला एक सेकंद होता. मी म्हणालो, हाच. लाटा कुठं आहेत, म्हणाली. मी म्हणालो, ओहोटी आहे.

तिने चपला काढल्या, साडी वर धरली आणि चिखलातून निघाली. शेजारी एक म्हातारी जाळं दुरुस्त करत बसली होती. मला म्हणाली, बायकोला समुद्र दाखवायचा तर इथं कशाला आणलंस, ही खाडी हाय. मी हात जोडले. तिला सांगू नका, म्हणालो. ती पुन्हा जाळ्याकडे वळली. एकसष्ट वर्षांच्या माणसाने अनोळखी बाईपुढे हात कशासाठी जोडले, तर यासाठी.

विमला पोटरीपर्यंत चिखल घेऊन परत आली. ओल्या हाताने डोळे पुसत म्हणाली, मोठा आहे हो.

शनिवार, संध्याकाळी.
उद्या सकाळी चहाच्या आधी खरं सांगायचं. नक्की.

विमला दीप्तीला समुद्र कसा असतो ते सांगत होती. शांत असतो म्हणाली, आपल्या गावच्या तळ्यासारखा. दीप्तीने मुकुलकडे पाहिलं. मुकुल फोनमध्ये बघायला लागला. दोघं हसले असते तरी बरं झालं असतं. मग विमलाने तिच्या बहिणीला, कुंदाला, फोन लावला. जयभीम म्हणाली आणि लगेच समुद्र. ह्यांनी दाखवला, म्हणाली. मी बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिलो.

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ९.
चहाच्या आधी सांगायचं राहिलं, कारण चहा लवकर झाला.

दीप्ती म्हणाली, मामी, आज जुहूला भेळ खायला जाऊ. समुद्राचं नाव तिने काढलं नाही. पोरगी गुणी आहे. मलाही चला म्हणाले. माझा पाय मुरगळला आहे. कालचाच असावा. दुपारी तिघंच जातील.

रविवार, दुपारी ४.
तिघं तीनला निघाले, एव्हाना पोचले असतील. तिला कळत असताना शेजारी उभं राहायची हिंमत झाली नाही. पायाला काही झालेलं नाही.

रविवार, रात्री ८.
आले. विमलाच्या साडीचा काठ ओला, पायांना वाळू. माझ्या पायाची चौकशी केली. बरा आहे म्हणालो. तेल लावून देते म्हणाली, लावलंही. डाव्या पायाला. सकाळी मी उजवा सांगितला होता की डावा, मलाच आठवेना.

ती भांडेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. भांडली नाही. कुंदाचा फोन आला. विमला म्हणाली, हो गं, आज परत गेलो होतो, दुसरीकडचा होता. बराय. पण कालचा, ह्यांनी दाखवलेला, मला जास्त आवडला.

मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं.

१३ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.
कान्हेरी सोमवारी बंद असते, असं मुकुल म्हणाला. मला माहीत आहे, म्हणालो. माहीत नव्हतं. विमला म्हणाली, मग जुहूला जाऊन येऊ, तुमचा राहिलाय.

तुमचा राहिलाय, असं म्हणाली.

सोमवार, सकाळी ११. जुहू.
मेट्रोचं तिकीट तिने काढलं. रिक्षावाल्याशी ती बोलली. मी मागे मागे. वाळूत आल्यावर चपला काढा म्हणाली, काढल्या. खूप आवाज असतो. पुस्तकात आवाजाचं काही नाही. पहिली लाट पायावर आली, खालची वाळू सरकली आणि मी मागे पळालो. आपटलो. पँट भिजली, चष्मा पाण्यात. विमलाने वाकून चष्मा शोधला, पदराने पुसून दिला. म्हणाली, पहिल्यांदा असंच होतं.

तुला कधीपासून माहीत आहे, हे तिला विचारायचं आहे. गाडीत विचारीन. नाहीतर घरी गेल्यावर.