सुनंदा वि. पाटील

८ जानेवारी
पुन्हा कं.चा फोन. (फायनान्स कंपनीचं पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही. कं. पुरे.) घराचं लोन ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी गेल्या वर्षी ते कं.ला विकून टाकलं. आपल्याला फक्त मेसेज. आता फोनवरची पोरगी म्हणते, पावसाळ्यापासून तुमचा एकही हप्ता आलेला नाही. म्हटलं, अगं, दर महिन्याला माझ्या पगाराच्या खात्यातून जातोय. तर म्हणे, आमच्याकडे दिसत नाहीये मॅडम.
इथे पावण्याला कामावर डिस्पॅचचे तीन टेम्पो खोळंबले, मी फोनवर. शेठ काचेतून बघत होते.

१४ जाने.
संक्रांत. हाफ डे घेऊन वाशीला कं.च्या ऑफिसात. बँकेचं स्टेटमेंट नेलं, प्रत्येक हप्त्याखाली पिवळी रेघ मारून. काउंटरवर टाय घातलेला मुलगा, माझ्या लेकीपेक्षा, मयूपेक्षा, चार-पाच वर्षांनी मोठा असेल. गोड बोलला. पैसे तुमच्या बँकेतून निघालेत हे खरं मॅडम, पण आमच्याकडे तुमच्या लोनला जमा नाहीत. मग गेले कुठे? तपासतो म्हणाला. तक्रार नंबर दिला.
येताना तीळगूळ घ्यायचा राहिला. शेजारून आलेलाच दोघी-तिघींना वाटला.

१६ जाने.
कं.चा मेसेज: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. काय निकाल लावला ते नाही. फोन केला तर म्हणे नवीन तक्रार नोंदवा. नोंदवली.

२२ जाने.
दारावर नोटीस चिकटवून गेले. क्लासवरून आलेल्या मयूने आधी वाचली. माझं नाव, फ्लॅट नंबर, थकबाकी, आणि मुदतीत न भरल्यास ताबा घेण्यात येईल. मी येईपर्यंत अख्खा मजला वाचून गेला असणार. चमच्याने खरवडली. निम्मी निघाली. नाव राहिलं.
सेक्रेटरी जिन्यात भेटले. काही अडचण असेल तर सांगा वहिनी, म्हणाले. आवाजात दया. तीच नको होती.
विलास फर्स्ट शिफ्ट करून आला होता. चहा घेतला, कप ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू हप्ते खरंच भरलेस ना?"

२३ जाने.
रात्रभर तेच. लग्नापासून अठरा वर्षं घराचा हिशोब मी बघते. को.खै.चं (कोपरखैरण्याचं) हे घर मी हट्टाने घ्यायला लावलं, तो तर भाड्यानेच राहू म्हणत होता. दिवाळीत आईचं तासगावला ऑपरेशन झालं, खर्च सगळा भावानेच केला. पण विलासच्या डोक्यात तेच, हप्त्याचे पैसे तिकडे गेले. बोलला नाही, मला कळलं. स्टेटमेंट त्याच्यासमोर ठेवलं. बघितलंन. म्हणाला, बँकेतून गेलेत ते दिसतंय गं, पण मग...
वाक्य तिथेच सोडून आंघोळीला गेला. मी भरलेत. हे मलाच लिहून ठेवावं लागतंय.

३ फेब्रु.
आज वाशीला जे झालं.
टायवाला मुलगा स्क्रीनवर बघत बसला बराच वेळ. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुमचा करावेचा फ्लॅट रेग्युलर आहे. तो विकून को.खै.चं का नाही भरत?"
माझा करावेला फ्लॅट नाही. कधी नव्हता. मी खुर्चीतून उठून काउंटरच्या आत वाकले, त्याने स्क्रीन फिरवायच्या आत वाचलं. सुनंदा वि. पाटील, करावे गाव, बिल्डिंगचं नाव. खाली माझा मोबाइल नंबर. माझी बँक.
मी सुनंदा विलास. ती कोणी दुसरी सुनंदा वि. लोनं इकडून तिकडे नेताना कं.ने माझं ऑटो-डेबिट तिच्या लोनला जोडलं. महिनोन् महिने मी तिचं घर फेडतेय आणि माझं बुडतंय.
मुलगा पांढरा पडला. मी आत विचारतो म्हणून गेला तो आलाच नाही. एक बाई आल्या, ऑफिस बंद व्हायची वेळ झाली म्हणाल्या.

६ फेब्रु.
कं.ची मेल. चूक झाली असं कुठेही म्हटलेलं नाही. "अन्य ग्राहकाच्या खात्यात जमा रक्कम वळवण्यासाठी त्या ग्राहकाची लेखी संमती आवश्यक." संमती कोणी आणायची? फोन करून विचारलं. तुम्हीच आणा, आम्हाला दुसऱ्या ग्राहकाची माहिती देता येत नाही.
नोटिशीची मुदत मात्र थांबत नाही. ते वेगळं डिपार्टमेंट.
विलासला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाला, म्हणजे कंपनीचीच चूक. हो, म्हटलं. मी वाट बघितली. तो मोबाइल चार्जिंगला लावायला उठला.

८ फेब्रु., रविवार
करावे. एकटीच गेले. गावात शिरताना गल्लीत जाळी वाळत टाकलेली, एका म्हातारीला विचारलं तर म्हणाली, कुठली सुनंदा, मावरंवाली? सीवूड्सच्या मार्केटात मासळी विकते ती?
तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार तिनेच उघडलं. माझ्याच वयाची, उंच, हाताला खोबरं लागलेलं. आत पलंगावर सासू. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, हार घातलेला. विठ्ठल पाटील. गेल्या होळीनंतर गेले, टेम्पो चालवायचे. तिचा वि. तो.
पाणी दिलं, बस म्हणाली. नाव सांगितलं तर हसली. "आगो, मंग तू मीच की."
मग मी सांगितलं. अर्धवट सांगायचं मनात आलं होतं, नुसती सही घ्यायची. ते नाही जमलं. सगळं सांगितलं, सही केल्यावर तिचे हप्ते थकलेले दिसतील हेसुद्धा.
ती खोबरं खवायची थांबली. "मना वाटला, यांचा इमा आयला न् लोन मिटला. कोनाचा फोन नाय, कोन मानूस नाय. मी म्हटला, मेल्यावर तरी घराला कामाला आला."
विम्यातून लोन फिटलं असं धरून चाललेली. फोन येणार कसे, नंबर माझा लागलेला. आणि हप्ते वेळेवर, म्हणून माणूसही नाही.
संमतीचा कागद ठेवून घेतला. दिराला विचारते म्हणाली. दारापर्यंत आली नाही.

१६ फेब्रु.
उत्तर नाही. ऑफिस सुटल्यावर सीवूड्सला तिच्या मार्केटला गेले. टोपलीपुढे बसलेली, गिऱ्हाईक होतं. मला बघून तोंड फिरवलंन. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, सही करून माजा घर मीच घालवू का? वाईट नाही बोलली. विचारलं फक्त.
घरी येताना तिचा राग आला, मग माझाच. तिने काय केलंय? तिला कुठे माहीत होतं. पण माझ्या मुलीने कुठे जायचं?

१७ फेब्रु.
मेल, मेल, मेल. वरच्या साहेबांना, त्यांच्या वरच्यांना. सगळ्यांचं एकच छापील उत्तर. बँकिंग लोकपालाकडे तक्रार टाकली, ती "विचाराधीन". वकील म्हणाले केस चांगली आहे, वेळ लागेल. वेळच तर नाही.
शेठ म्हणाले, पाटीलबाई, आता सुट्ट्या पुरे.
जेवणात मीठ टाकायचं विसरले. तसंच जेवलो तिघं.

२५ फेब्रु.
आज दोन माणसं आली घर बघायला. व्हॅल्युएशन म्हणे. मयूचा पेपर उद्या, पलंगावर पुस्तकं पसरून बसलेली. पोरगी उठून उभी राहिली, पुस्तकं छातीशी धरून, आणि ते खोल्यांचे फोटो काढत होते. किचनचा, मोरीचा, देव्हाऱ्याचा. एकाने तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं.
मी स्टेटमेंट दाखवलं. तो म्हणाला, "ताई, आम्हाला फक्त मापं घ्यायला सांगितलंय."
विलासने नंतर त्यांच्यामागून दार लावलं आणि बराच वेळ कडीला हात लावून उभा राहिला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, जाणार हे घर. ओरडावंसं वाटलं नाही. झोपावंसं वाटलं.

४ मार्च
संध्याकाळी बेल. दारात ती. करावेची सुनंदा. मार्केट आवरून थेट आलेली, पत्ता माझ्याच कागदावर होता. दारावर माझं नाव अजून चिकटलेलं, ते वाचत उभी होती. तिचंही नाव तेच.
बस म्हटलं, बसली नाही. चहा नको. ब्लाउजमधून कागद काढून दिला, घडी घातलेला, सही केलेला.
"दीर नको बोलला," म्हणाली. "पन तू येऊन गेलीस तवापासून मना झोप नाय. आदीची झोप तुज्या पैशाची व्हती. आता कळला तर कशी येल?"
हात धरला तिचा. विमा कंपनीत मी येते तुझ्याबरोबर, म्हटलं. बघू, म्हणाली. मयूने खाली रिक्षापर्यंत सोडलं.

२० मार्च
कं.चा मेसेज: आपले कर्ज खाते नियमित करण्यात आले आहे. नोटीस मागे घेतल्याचं पत्र मेलवर. माफी नाही, दिलगिरीचा एक शब्द नाही. मधल्या काळाचं दंडव्याज लावलंय ते लावलंय, त्यासाठी वेगळी तक्रार करा.
विलास येताना जिलेबी घेऊन आला. चला, मिटलं एकदाचं, म्हणाला. मयू खूश. मी खाल्ली. त्याने जे विचारलं होतं त्याबद्दल आजही काही नाही. तो विसरला असेल. विसरलाच असेल.

१ एप्रिल
तिला घेऊन विम्याच्या ऑफिसात. सकाळचं मार्केट बुडवून आली, चांगली साडी नेसून. आत सांगितलं की क्लेम कोणी टाकलेलाच नाही. लोन देणाऱ्या जुन्या कंपनीने टाकायला हवा होता की कं.ने, हे ते दोघांना विचारतील. उशीर झाल्यामुळे मिळेलच असं नाही. ती शांतपणे ऐकत होती. बाहेर आल्यावर मला विचारलं, "म्हंजे नाय बोलला का व्हय बोलला?"
मला माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नाही.
बसस्टॉपवर तिने शेंगदाणे घेतले, पैसे मला देऊ दिले नाहीत.

९ एप्रिल
दुपारी कं.चा फोन. आता काय राहिलं?
पुरुषाचा आवाज. सुनंदा वि. पाटील? हो म्हटलं, सवयीने. तर म्हणतो, मॅडम, तुमचा करावेचा फ्लॅट, हप्ते थकलेत.
ती मी नव्हे, चूक झाली होती, तुमच्याच लोकांनी दुरुस्त केलीय, सगळं सांगितलं. पण नंबर माझाच ठेवलाय तिच्या लोनला. तो नरमाईने: बरं मॅडम, मग त्या कुठे भेटतील? पत्त्यावर माणूस दोनदा जाऊन आला, दार बंद होतं. तुमच्या ओळखीच्या दिसतायत. कामाचं ठिकाण सांगा, तुमचा नंबर आम्ही काढून टाकतो.
मार्केट डोळ्यासमोर आलं. कितव्या ओळीत बसते, किती वाजता उठते. सांगितलं की माझी कायमची सुटका. नाही सांगितलं तर हेच रोज, आणि उद्या पुन्हा काय कुठे जोडतील...
हॅलो, हॅलो करत होता. आवाज येत नाहीये, म्हटलं आणि ठेवला.
लगेच परत वाजला. वाजू दिला. शेठ काचेतून बघत होते.
आत्ता लिहितानाही वाजतोय. विलास विचारतोय, कोणाचा आहे, घेत का नाहीस.