आईच्या काढ्याविषयी

नाशिक, १२ नोव्हेंबर २००३

चि. प्रतिभास तुझ्या अण्णांचे मनापासून आशीर्वाद.

आई आता दोन घास जास्त जेवते. कळवणला थंडी पडली का गं?

तिच्या संधिवाताच्या गोळ्या मीच बंद केल्या होत्या. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा पाजला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, या आजारात तीच शक्ती अंगावर उलटते. तिनंच रक्तवाहिन्या सुजवल्या." उद्या उजव्या हाताची काळी पडलेली दोन बोटं काढणार आहेत. कशामुळे, ते आईला मी सांगितलेलं नाही.

सकाळी ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "यांच्या काढ्यानंच तगले बाई मी!"

मी घाईनं शाळेतली एक कविता म्हणू लागलो. तिनं त्याच हातानं ताल धरला.

तुझे अण्णा