पायलीचं झाकण

शिरोडा, गुरुवार, १२ मार्च १९५९

मास्तरीण होण्याच्या परीक्षेत यंदाही गणितात नापासच होणार. वृत्तचितीचं एकूण पृष्ठफळ काढायचं होतं. सूत्र तोंडपाठ, तरी वरचं वर्तुळ मी धरलंच नाही. का? तर डोळ्यांसमोर आली घरची भात मोजायची पायली. तिला तळ तेवढा असतो, वरून उघडी.

आईला सांगितलं, तर म्हणाली, “पायलीक झाकण खंय आसता गो?”

खरंच आहे. पण पेपर तपासणाऱ्याला हे कोण सांगणार? वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची खेप होती. एका वर्तुळापायी गेली.

मग आईने तीच पायली हातात दिली, कांडायचं भात मोजायला. मोजण्याआधी पायलीच्या तोंडावर झाकणासारखा तळहात ठेवून पाहिला. पुरत नाही.