मागच्या डाव्या दारावरचा हात

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार

डोकं ठणकतंय, आणि कारण निरंजन. (समोर 'अहो', इथे निरंजन. वही माझी आहे.) गाडी आमच्या धुलाई सेंटरच्या गेटात शिरायच्या आधीच ह्या माणसाचं सुरू होतं— "हो जाएगा, भैया, सब हो जाएगा!" बाहेर पाण्याचा पाइप धरायचा ह्यांनी आणि गाडीचं आतलं घासायचं मी. मग म्हणायला काय जातंय!

आज बहादरपूरचे लीलाधर पाटील आले होते. केळीवाले. गाडी पांढरी, नवीकोरी. मागचं दार उघडलं आणि मी मागेच सरले. अख्खी सीट निळी! ऑइलपेंट. सीटवर, खाली मॅटवर, दाराच्या आतल्या बाजूने ओघळ. वाळून दगड झालेला.

"पोळ्याचा रंग आहे. शिंगांचा. डबा सांडला," एवढंच बोलले.

पोळा होऊन दोन आठवडे झाले. माझा पारा चढला. म्हटलं, "भाऊ, त्याच दिवशी आणली असती तर पटकन निघाला असता. इतके दिवस काय मुरत घातला होता?" निरंजनने कोपराने ढोसलं. मला वाटलं, नेहमीचंच, गिऱ्हाईकाला बोलू नको म्हणून.

ते चिडले नाहीत. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण भलत्याच काजात. म्हणाले, "एक बी डाग राहायला नको, ताई. कमल माहेरून यायच्या आत." कमल म्हणजे बायको. तुकईथडला गेली आहे. मग चालतच रस्त्याला लागले. चहा घ्या म्हटलं तरी थांबले नाहीत.

ते गेल्यावर निरंजनने सांगितलं. लीलाधरभाऊंचा मुलगा गेला. गोटू, आठ वर्षांचा. पोळ्याच्या दिवशी मळ्यात शिंगं रंगवताना बैलाची लाथ पोटात बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

आणि मी 'मुरत घातला' म्हणाले. जीभ झडो माझी!

१७ सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन. सगळं गाव तापीवर. मी त्या गाडीत.

कापडावरचा वाळलेला ऑइलपेंट घासायचा नाही. घासला की आणखी आत जातो. टर्पेंटाइनचा बोळा ठेवायचा, मऊ होऊ द्यायचा, मग बोथट पट्टीने कडेकडून आत उचलायचा. बोळा बदलायचा. पुन्हा. दाराच्या प्लास्टिकवर तर जपूनच, थिनर जास्त झालं की प्लास्टिक चिकट होऊन कायमचं पांढरं पडतं. बसून बसून पायाला मुंग्या. वासाने जेवण गेलं नाही.

ढोल ऐकू येत होते. आठ वर्षांचा मुलगा असता तर गुलालात लोळत असता, असं सारखं मनात येत होतं. हात चालू ठेवला.

१८ सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष लागला. नव्या गाड्या नाहीत, जुन्याही कमीच. बरंच झालं.

एक गोष्ट खटकली. सीटच्या खालच्या कडेला, जिथे कव्हर हुकात अडकवतात, तिथे प्लास्टिकच्या चिंध्या अडकल्या आहेत. नव्या गाडीचं प्लास्टिक. आमच्याकडचे लोक वर्ष वर्ष काढत नाहीत ते. घामाने पाठ चिकटते, बसल्यावर कर्रकर्र वाजतं, पण सीट नवी राहायला पाहिजे! ह्या गाडीतलं प्लास्टिक कुणीतरी ओरबाडून काढलंय. आणि त्या चिंध्यांना रंगाचा ठिपका नाही.

म्हणजे आधी प्लास्टिक फाडलं, मग रंग आला.

दुसरं— रंग वरून आलाय. पाठीच्या उशीपासून खाली. हातातला डबा लवंडला तर मांडीवर सांडेल, पायाशी सांडेल. उशीवर कसा चढेल? आणि रंगाने भरलेलं पोरगं गाडीत घातलं असतं तर चार बोटं तरी कुठे उमटली असती. काचेवर, मुठीवर, पुढच्या सीटच्या पाठीवर. मी सगळीकडे पाहिलं. एक बोट नाही.

निरंजनला काही बोलले नाही. ह्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

लीलाधरभाऊ आले. निरंजन टायरवाल्याकडे गेले होते. सीट बरीच उजळली आहे, मधे फिकट आकाशी झाक उरली आहे. ते वाकून बघत होते, आत बसत नव्हते. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, हा सांडलेला नाही. ओतलेला आहे."

मला वाटलं ओरडतील. ते तिथेच फरशीवर, ओल्यात, उकिडवे बसले.

"मीच ओतला," म्हणाले. "दुसऱ्या दिवशी."

मग बोलत राहिले. माझ्याकडे न बघता, टायरकडे बघत. जसं आठवतंय तसं लिहिते—

"लाथ बसली तसा पडला, पण उठला, ताई. उभा राहिला. हसला बी. पप्पा, जरासं दुखते म्हने. मी म्हटलं, चाल, डॉक्टरले दाखवून आणू. दार उघडलं अन् मले त्याचे हात दिसले. कोपरापर्यंत निळे. मी म्हटलं, थांब बेटा, पहिले हात धुऊ. गाडी नवी आहे."

"रॉकेलनं धुतले. मग साबणानं. नखातला निघे ना, तर काडी घेऊन कोरून काढला मी. तो उभा होता पोट धरून. एक शब्द बोलला नाही. मग खालीच बसला."

"डॉक्टर म्हणाले, आत रक्त होऊ राहिलं होतं, जरा आधी आणलं असतं तर... सीटवर प्लास्टिक होतं, ताई! प्लास्टिक होतं, तरी मी त्याले हात धुवायले लावले!"

हे ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. प्लास्टिक होतं, प्लास्टिक होतं.

कमलताई तेव्हा घरी होत्या, पुरणाच्या स्वयंपाकात. त्यांना लीलाधरभाऊंनी सांगितलंय— लाथ बसली तसा उचलला, हात भरलेलेच होते, तसाच गाडीत घातला, क्षणभर थांबलो नाही. डबा त्याच्याच हातात होता, तो गाडीत सांडला. ते खरं दिसावं म्हणून दुसऱ्या दिवशी रंग ओतला. गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवली, बघू दिली नाही. आता त्या परत यायच्या म्हणतात आणि आल्यावर गाडीत बसायचं म्हणतात, पोरगा शेवटचा बसला त्या जागी. नीट बघितलं तर रंग ओतलेला आहे हे त्यांनाही कळेल, म्हणून एकही डाग नको.

"तिले कळलं तर ती माझं तोंड नाही बघणार," म्हणाले. "अन् ती नसली तर मी कशाले राहू?"

पाणी दिलं. त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

ते गेल्यावर खूप रडले. राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. 'चिखलाचे पाय गाडीत ठेवू नका' हे मी रोज म्हणते. आमची लेक प्राजक्ता लहान असताना आइस्क्रीम घेऊन गाडीत चढली म्हणून पाठीत धपाटा घातला होता. सगळं गाव असंच वागतं. आमचा धंदाच त्यावर चालतो.

२१ सप्टेंबर, शनिवार

निघाला. उन्हात उभी करून सगळ्या बाजूंनी पाहिलं. दाराच्या खाचेतला राहिला होता, तोही टूथब्रशने काढला. आतला फोम ओला आहे, दोन दिवस दारं उघडी ठेवून वाळवावी लागेल. इतकं चांगलं काम मी आजवर केलं नसेल, आणि बघवत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

कमलताई आल्या. तुकईथडहून सरळ इथेच, भावाच्या मोटरसायकलवर. घरी गेल्याच नाहीत. बारीक चणीची बाई, डोक्यावरचा पदर दाताने धरलेला.

उघड्या दारातून आत वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "सगळंच पुसलं?"

"हो," मी म्हटलं.

"एखादा हात राहिला असंन न, ताई? गोटूचा? हात भरेल होते त्याचे. कुठं ना कुठं लावलाच असंन. त्याले हात लावल्याबिगर चैनच नसे. घरची एक भिंत सोडली नाही त्यानं." आणि माझ्याकडे बघितलं.

लीलाधरभाऊंनी सगळा विचार केला होता, हा केला नव्हता. डाग बघून ती विचारेल ह्याची त्यांना भीती. ती डागच मागायला येईल हे त्यांच्या डोक्यातच नाही आलं! माझ्याही नाही.

तेवढ्यात निरंजन, पाइप हातात घेऊन— "नहीं नहीं, बहनजी, हाताचा निशाण तर कुठंच नव्हता—"

"होता," मी म्हणाले.

कमलताई माझ्याकडे वळल्या.

"कुठं?"

"इथे." मागच्या डाव्या दारावर बोट ठेवलं, काचेच्या खाली. का तिथेच, माहीत नाही. आठ वर्षांचं पोर बसलं तर हात तिथे पोचेल असं वाटलं असेल. "पूर्ण पंजा होता. लहान."

"अन् पुसला?"

"पुसला. कामाच्या नादात लक्षात नाही आलं. चुकलं माझं."

त्या आत बसल्या, त्याच्या जागी. दारावर स्वतःचा हात ठेवला, बोटं फाकवून. त्यांचा भाऊ बाहेर तोंड फिरवून उभा. मला वाटलं आता रडतील, पण रडल्या नाहीत. उतरताना विचारलं, "तुम्हाले लेकरू नाही का?"

"आहे. मुलगी आहे."

"तरी," म्हणाल्या. आणि गेल्या.

२४ सप्टेंबर, मंगळवार

निरंजन विचारून थकले— "आपण का घ्यायचं अंगावर?" शेवटी म्हटलं, तुम्ही तुमचा पाइप बघा.

संध्याकाळी लीलाधरभाऊ गाडी न्यायला आले. त्यांना कळलं होतं. हात जोडून उभे राहिले. मी चावी दिली आणि आत गेले. मला त्यांचे उपकार नकोत आणि हात जोडलेलेही नकोत. खोटं बोलले ते त्या बाईसाठी. की लीलाधरभाऊंसाठी? दोघांत कुणाचं भलं केलं देव जाणे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बहादरपुरात बोभाटा झाला. कमलताईंच्या भावानेच सांगितलं असणार. आज दोन ठरलेल्या गाड्या आल्या नाहीत. चहावाला म्हणाला, "भाभी, लोग बोल रहे हैं, मेलेल्या लेकराचा हात पुसणारी बाई." म्हणू देत. पण लागलं. फार लागलं. प्राजक्ताने कॉलेजातून येऊन विचारलं, "आई, खरंच तू...?" तिलाही हो म्हणाले.

२९ सप्टेंबर, रविवार

काही नाही. दिवसभर एक स्कूटर.

२ ऑक्टोबर, बुधवार. सर्वपित्री अमावस्या

कमलताई येऊन गेल्या. एकट्याच. निरंजनना बाहेर जायला सांगितलं.

म्हणाल्या, "शेवटची आंघोळ मीच घातली त्याले. हाताले रॉकेलचा वास होता. नखं कोरून साफ केल्याली. मले तवाच समजलं सगळं. तरी आली होती मी, की माझंच चुकलं असंन, एखादा हात सापडंन."

त्यांनी माझा हात धरला.

"तुम्ही होता म्हणालात न, ताई, तेच धरून राहा. त्यांच्यासमोर मी रोज त्या दारावर हात ठेवते. मले माहीत आहे हे त्यांना कळलं, तर ते विहीर जवळ करतील."

हो म्हणाले.